दोन ते आठ अंश

आमची ओळख झाली ती माझा माईक चालू राहिला म्हणून.

दर शनिवारी-रविवारी सकाळी सातचा वर्ग. औषध कंपन्यांत गुणवत्ता तपासणाऱ्यांसाठीचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम, सगळा ऑनलाइन. पडद्यावर छत्तीस काळे चौकोन आणि एका उजेडातल्या चौकोनात आमचे सर. नोंद ज्या क्षणी घेतली त्याच क्षणी का लिहायची, हे ते समजावत होते. इकडे माझ्या मांडीवर ठमी, वय वर्षं साडेचार, दोन्ही डोळे लालबुंद.

"उघड ना गं राणी... एकच थेंब. बघ, आधी बाहुलीला टाकते. बाहुली रडली का? ठमे, चावायचं नाही... आई गं!"

छत्तीस चौकोनांनी ऐकलं. सर थांबले आणि कुणाच्या तरी घरी बाहुलीवर उपचार चालू आहेत, असं म्हणाले. मी बटण शोधेपर्यंत कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. तेवढ्यात खाली एक ओळ उमटली, फक्त माझ्यासाठी.

'बाटली फ्रीजमधली असेल तर आधी तळहातात धरा. शंभर आकडे मोजा. मुलं औषधाला नाही, गारव्याला घाबरतात.'

मी धरली. मोजले. ठमीनं हूं का चूं केलं नाही.

डॉक्टर आहात का, असं मी विचारलं. उत्तर आलं, 'नाही. फ्रीज सांभाळतो.'

तो खरंच फ्रीज सांभाळायचा. दीड तासावरच्या एका औषध कारखान्यात, लहान मुलांच्या डोळ्यांचे थेंब ज्या थंड खोलीत ठेवतात, ती त्याच्या ताब्यात होती. दोन अंशांच्या खाली नाही, आठच्या वर नाही. दर दोन तासांनी काटा बघायचा आणि तक्त्यात लिहायचं. बढतीसाठी ही पदवी हवी होती म्हणून तो शिकत होता. मी शिकत होते कारण पदवी, लग्न, ठमी आणि मोडलेलं लग्न, या क्रमानं पाच वर्षं निघून गेली होती, आणि मुलाखतीत प्रत्येक जण विचारायचा की मधली पाच वर्षं तुम्ही काय करत होतात. जणू मी झोपले होते. मी तर तेव्हापासून झोपलेच नाही. ठमीच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघते, गॅसचं बटण तीनदा बघते, घरातल्या प्रत्येक बाटलीवरची तारीख मला पाठ असते. आई म्हणते, "तुला पोलिसात घ्यायला हवं होतं, चोरांनी आपणहून हात पुढे केले असते."

प्रकल्पासाठी दोघादोघांच्या जोड्या पाडल्या, तेव्हा त्यानं माझं नाव मागून घेतलं. कारण विचारलं तर म्हणाला, "तुमच्या बाहुलीचे डोळे बरे झाले का, ते कळायला नको?"

एकाच फाइलवर दोघं लिहायचो आणि समासात एकमेकांना टिपा टाकायचो. सुरुवातीला टिपा अगदी शहाण्यासारख्या होत्या. 'इथे संदर्भ हवा.' 'हा आकडा तपासावा.' मग हळूहळू समास मजकुरापेक्षा जास्त भरायला लागला. मी रागावून चार ओळी लिहिल्या तरी तो शांतपणे एका ओळीत उत्तर द्यायचा. शेवटी मीच लिहिलं, 'तुम्ही कधी तापत नाही का?'

'दोन ते आठच्या बाहेर गेलो तर कारण लिहून द्यावं लागतं.'

त्या दिवसापासून मी त्याला 'दोन-ते-आठ' म्हणायला लागले. ठमीसाठी तो 'दोन-ते-आठ काका'. तिला ते खरंच आडनाव वाटायचं. आणि 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते... त्याची नोंद कुणी ठेवली नाही.

प्रकल्पाचा विषयही त्यानंच सुचवला. थंड खोलीत माणूस तक्ता भरतो, आणि भिंतीवरचं एक छोटं यंत्रही आपलं आपण तापमान टिपत असतं. दोन्ही नोंदी शेजारी ठेवायच्या, किती जुळतात ते बघायचं. त्याच्याच कारखान्यात मला सहा आठवडे शिकाऊ म्हणून घेतलं. गुणवत्ता विभागात एक जागा रिकामी होणार होती. काम नीट झालं तर ती मला मिळेल, असं विभागाच्या मॅडम म्हणाल्या होत्या. नोकरी म्हणजे ठमी आणि मी, आणि दाराला आमच्या नावाची पाटी. आईच्या घरातल्या खोलीत उशी डोक्यावर घेऊन मी ती पाटी कितीदा लावली होती.

कारखान्यात डोक्याला जाळीची टोपी, तोंडाला मास्क, अंगभर पांढरा कोट. माणसाचे फक्त डोळे दिसायचे. पण डोळे पुरे होते. थंड खोलीच्या दारात मी कुडकुडत उभी असले की तो स्वतःचं जाड जाकीट पुढे करायचा, आणि दुसरीकडे बघत काटा वाचायचा. "चार पूर्णांक आठ," तो मोठ्यानं म्हणायचा. मला ते काहीतरी वेगळंच ऐकू यायचं.

मग तो रविवार आला. सरांचा घसा बसला म्हणून वर्ग नव्हता. आदल्या दिवशी मी टीप टाकली, 'उद्या ये ना इकडे. ठमी विचारत होती.' जरा थांबून पुढे लिहिलं, 'मीही.'

'येतो. उद्या सुट्टीच आहे.'

तो आला तेव्हा अकराला पाच कमी होते. आमच्याकडच्या वाचनालयामागे एक बाग आहे, तिथे गेलो. भुरभुर पाऊस होता, छत्री एकच, आणि छत्रीखाली ठमी मध्ये. तिनं त्याला पाय दुखत नसताना दोन तास उचलायला लावलं आणि शेवटी त्याच्याच खांद्यावर झोपली. शर्टावर लाळेचा एवढा मोठा डाग. मी पुसायला रुमाल काढला तर म्हणाला, "राहू दे. इतका विश्वास कुणी टाकला नव्हता माझ्यावर."

एक वाजता त्यानं घड्याळ बघितलं. तीन वाजता पुन्हा. मी विचारलं, कंटाळलास का?

"सवय गं. या वेळेला काटा बघतो ना मी."

"आज तर सुट्टी आहे."

"आज सुट्टी आहे," तो म्हणाला.

पाच वाजता निघताना त्यानं छत्री माझ्या हातात दिली आणि स्वतः भिजत उभा राहिला. "प्रकल्पावर दोन नावं आहेत," तो म्हणाला. "ती तशीच... शेजारी शेजारी... पुढेही राहिली तर?"

प्रकल्प संपला की सांगते, असं मी म्हणाले. उत्तर तर छत्री घेतानाच ठरलं होतं. पण एकदा तोंड पोळलेली मी, ताकही फुंकून पीत होते.

प्रकल्पासाठी तीन महिन्यांच्या नोंदी पुरे, असं त्याचं म्हणणं होतं. माझा जीव तीनात कुठला राहायला? मी यंत्रातून चालू महिनाही उतरवून घेतला. सोमवार होता तो. बागेतल्या रविवारनंतरचा दुसरा सोमवार.

नव्वद दिवस दोन्ही नोंदी हातात हात घालून चालल्या होत्या. मग तो रविवार. यंत्र सांगत होतं की सकाळी अकरा चाळीसला तापमान चढायला लागलं, दुपारी चौदा अंशांवर गेलं आणि सव्वाचारनंतर उतरलं. दार नीट लागलं नव्हतं बहुतेक. सव्वाचारला जाता-जाता कुणीतरी ते ढकलून लावलं असेल. धोक्याची घंटा वाजलीच असणार. ऐकायला माणूस नव्हता.

आणि तक्त्यात, त्याच्या सुबक अक्षरात: अकरा वाजता ४.८. एक वाजता ५.१. तीन वाजता ४.९. पाच वाजता ५.०. प्रत्येक आकड्यापुढे त्याची सही.

दुसऱ्या कुणाला वाटलं असतं की यंत्रच बिघडलं. मला तसं वाटून घ्यायची सोय नव्हती. एक वाजता तो कुठे होता, तीन वाजता कुठे होता, हे जगात मला एकटीला माहीत होतं.

त्या खोलीतले थेंबांचे खोके बुधवारी बाहेर जाणार होते.

जेवणाच्या सुट्टीत मी त्याला मागच्या जिन्यात गाठलं. कागद पुढे केला. त्यानं तो बघितलासुद्धा नाही.

"सुट्टी नव्हती तुला."

"नव्हती."

"मग आलास कशाला?"

"तू ये म्हणालीस," तो म्हणाला. "पहिल्यांदा म्हणाली होतीस."

तो सांगत होता की चार-पाच तासांनी थेंबांना काही होत नाही, तेवढी सोय बनवतानाच ठेवलेली असते, दहा वर्षांत त्यानं एकही आकडा खोटा लिहिला नव्हता. त्याचं खरं होतं, मला माहीत होतं. म्हणूनच मी म्हटलं, मग तेच लिही. खोटे आकडे खोडून टाक. एक सरळ रेघ, खालचं वाचता येईल अशी, शेजारी सही आणि तारीख. आपल्याला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. चूक झाकायची नाही, खोडायची.

"नोकरी जाईल माझी."

"जाईल."

"आणि आपलं?"

'आपलं' हा शब्द त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा उच्चारला. जिन्यातल्या कळकट भिंतीसमोर, डोक्यावर जाळीची टोपी घालून. मी उद्या दुपारी बारापर्यंत वाट बघेन, एवढंच म्हणाले. त्यानं लिहिलं तर मी त्याच्या शेजारी उभी राहीन. नाही लिहिलं तर मला लिहावं लागेल.

घरी आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. जगबुडी होणार आहे का चार थेंबांनी, असं तिनं विचारलं. असला माणूस पुन्हा दारात येत नसतो; पोरीला काका म्हणता येईल असा तरी. मी ठमीकडे बघत होते. ती बाहुलीच्या डोळ्यांत पाणी टाकत होती, आणि आधी झाकण तळहातात धरून काहीतरी पुटपुटत होती.

मंगळवारी अकरा वाजता फाइलच्या समासात एक टीप आली. 'तीन महिन्यांचं पुरे होतं गं. चौथा काढून टाक ना.'

बारा वाजले. मी साडेबारापर्यंत थांबले. मग कोरा अर्ज घेतला. काय आढळलं, कधी आढळलं... सगळं भरलं. शेवटचा रकाना होता: हाताने केलेली नोंद चुकीची आहे हे कशावरून? मी लिहिलं, 'त्या रविवारी सकाळी अकरापासून संध्याकाळी पाचपर्यंत संबंधित अधिकारी माझ्यासोबत होते.' सही केली. तारीख टाकली.

मॅडमनी अर्ज दोनदा वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "माझ्यासोबत म्हणजे?"

"माझ्यासोबत, मॅडम."

"कामानिमित्त?"

"नाही."

त्याला द्यायचं राहिलेलं उत्तर मी असं दिलं. तेही दुसऱ्याच कुणाला.

खोके थांबवले. दोन दिवसांनी त्याचा राजीनामा घेतला. फाटकाशी तो जाकीट परत करायला उभा होता. कारखान्याचं जाकीट, तिथेच ठेवायचं. मला वाटलं होतं की तो चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं.

"तुम्ही बरोबर केलंत," तो म्हणाला.

तुम्ही. दोन ते आठच्या मधलाच आवाज.

मी त्याला हाक मारणार होते, पण टोपणनावाशिवाय दुसरं काही तोंडात आलं नाही, आणि त्या नावानं त्या वेळी हाक कशी मारायची?

तीन आठवड्यांनी प्रयोगशाळेचा अहवाल आला. थेंब चांगले होते. कणभरही उतरले नव्हते. तरी नियमाप्रमाणे नष्ट केले. अहवालावर 'वाचले' म्हणून माझीही सही आहे.

जागा मला मिळाली. मला वाटलं होतं ती नाही, त्याची. खानावळीत मी बसले की बाजूच्या टेबलावरचं बोलणं थांबतं. आई एकदाच म्हणाली, "माणूस घालवून खुर्ची आणलीस. बस आता तिच्यावर नीट." दाराला पाटी लागली. ठमीनं खिळा धरला होता.

तो अभ्यासक्रम सोडून गेला. प्रकल्प जमा करायच्या दिवशी मी फाइल उघडली, तेव्हा कुणीतरी आधीच येऊन गेलं होतं. पहिल्या पानावरच्या दोन नावांपैकी एकावर एक सरळ रेघ होती. खालचं नाव वाचता येत होतं. शेजारी सही आणि तारीख. तारीख त्या रविवारची नव्हती, रेघ मारली त्याच दिवसाची होती. अगदी नियमानं.

रविवारची पाळी आता माझी असते. अकरा, एक, तीन, पाच. काटा बघते, लिहिते, दार दोनदा ओढून बघते.

गेल्या आठवड्यात ठमीचे डोळे पुन्हा आले. बाटली फ्रीजमधून काढली आणि सवयीनं झाकण उघडायला लागले, तर तिनं माझा हात धरला.

"आधी हातात धर. काकांनी सांगितलंय."

मी धरली. ती मांडीवर आडवी होऊन मोजायला लागली. शंभरापर्यंत तिला येत नाही. एकोणतीसनंतर ती पुन्हा विसावर येते, मग पुन्हा एकोणतीस, पुन्हा वीस. बाटली केव्हाच कोमट झाली होती. मी तिला थांबवलं नाही.