नारिंगी टॉवरची काळी खिडकी

आधीच सांगतो, यातलं एक अक्षरही माझ्या मनचं नाही. विश्वास ठेवायचा नसेल तर ठेवू नका. पण खाली येऊन 'स्टोरी मस्त जमलीये' असं लिहू नका. ही माझ्या सुवर्णाकाकूबरोबर घडलेली गोष्ट आहे. आणि ती सांगताना काकू घाबरत नाही.

चिडते.

गेल्या वर्षीचा पंचवीस नोव्हेंबर. नाशिक. दिवेलागणीची वेळ.

जुन्या नाशकात नदीच्या अंगाला एक दगडी टॉवर आहे. खाली वाचनालय, वर महिला समुपदेशन केंद्र. काकू खाली वाचनालयात कामाला.

त्या संध्याकाळी टॉवर नारिंगी होणार होता. बायकांवरचे अत्याचार थांबावेत म्हणून त्या दिवशी जगभर मोठमोठ्या इमारतींवर नारिंगी दिवे सोडतात. लोकांमध्ये जागृती व्हावी म्हणून. करोत बापडे, कुणाचं काही जात नाही.

पण या टॉवरवर?

काकूच्या डोक्यात सकाळपासून तिडीक गेली होती. कारण याच टॉवरच्या वरच्या खोलीतून तिच्या धाकट्या बहिणीला, तेजलला, पुन्हा नवऱ्याच्या घरी धाडलं होतं.

त्या खोलीची एक रीत होती. मार खाल्लेली बाई तक्रार घेऊन यायची. मग तिच्या नवऱ्याला बोलावून घ्यायचं. दोघांना शेजारी शेजारी बसवायचं. 'भांड्याला भांडं लागतंच' वगैरे ऐकवायचं. आणि शेवटी दोघांनी एकमेकांना पेढा भरवायचा. टाळ्या, फोटो, झाला समझोता. फोटो भिंतीवर लागायचा.

केंद्राच्या अध्यक्ष होत्या मंगलाताई. मनानं चांगल्या आहेत हो त्या, असं सगळे म्हणतात. काकू म्हणत नाही.

तेजलनं पेढा खाल्ला तेव्हा तिचा ओठ फाटलेला होता. फोटोत तो दिसू नये म्हणून तिला मान जरा वळवायला सांगितली होती.

तिचं सासर दिंडोरीकडे, द्राक्षबागावाल्यांचं. थोड्याच दिवसांत निरोप आला. तेजल शेततळ्यात पडली. पाय घसरला म्हणे.

तुम्ही शेततळं पाहिलंय का? बागेच्या पाण्यासाठी खणलेला मोठा खड्डा. आत सगळीकडे प्लास्टिकचा जाड कागद अंथरलेला. त्याचा उतार इतका गुळगुळीत, की आत पडलेला माणूस काठापर्यंत येतो, नखांनी कागद ओरबाडतो आणि परत खाली जातो. पोहता येऊन उपयोग नसतो. वरून कुणीतरी हात द्यावा लागतो.

तेजलला कुणी हात दिला नाही. तिची नखं मुळापासून तुटली होती. काकूनं ती डोळ्यांनी पाहिली.

आणि पुढे? पुढे काही नाही. सासरच्यांनी पोलिसांना पेढ्याचा फोटो दाखवला. बघा साहेब, किती आनंदात होते दोघं! प्रकरण मिटलं.

तर त्या संध्याकाळची गोष्ट.

दिनेश इलेक्ट्रिशियननं अंगणात मोठे फोकस लावले होते. प्रत्येकावर नारिंगी जिलेटीन कागद. त्यानं बटण दाबलं आणि टॉवर खालपासून वरपर्यंत नारिंगी झाला. रस्त्यावरचे लोक मोबाइल काढून उभे राहिले.

पण...

वरच्या मजल्यावरची एक खिडकी रंगलीच नाही.

भोवतीचा दगड नारिंगी. वरची कमान नारिंगी. आणि मधे ती खिडकी काळीशार.

दिनेशनं फोकस हलवला. दुसरा फोकस फिरवला. मग कागद काढून सरळ पांढरा उजेड मारला.

खिडकी काळीच.

"सुवर्णाताई, हा काय झोल आहे?" तो म्हणाला. "काचेवर पण लाइट पडत नाहीये. असं होतं का कधी?"

ती खिडकी कुठल्या खोलीची, हे काकूला ठाऊक होतं.

तेवढ्यात तिला आवाज आला...

खर्र... खर्र... खर्र...

प्लास्टिकवर नखं ओढल्यासारखा.

"कागद वाजतोय," दिनेश म्हणाला. "वारा असेल."

झाडाचं पान हलत नव्हतं. आणि जिलेटीनचा कागद त्याच्या हातात होता.

तेवढ्यात मंगलाताई बाहेर आल्या. नारिंगी साडी, नारिंगी गजरा. त्यांना खिडकीचं काही पडलं नव्हतं, फोटोचं पडलं होतं. "आज एक जोडपं पुन्हा एकत्र येतंय," त्या सगळ्यांना सांगत होत्या. "त्याच खिडकीत उभं करून पेढा भरवू. खालून फोटो घ्या. काय सुंदर संदेश जाईल!"

काकूच्या कानशिलात आग पेटली. ती तडक वर गेली.

खोलीत निकिता बसली होती. वय असेल बाविशीतलं. हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. शेजारी इस्त्रीचा शर्ट घातलेला नवरा. कोपऱ्यात तिची आई, अंबूबाई, हरसूलकडून आलेली.

काकू निकितासमोर उकिडवी बसली. "हात कसा मोडला गं?"

निकितानं नवऱ्याकडे पाहिलं. "बाथरूममध्ये पडले."

"माझी बहीणपण पडली होती," काकू म्हणाली. "आधी घरात पडायची. मग शेततळ्यात पडली. या खुर्चीवर बसली होती ती. तू जाऊ नकोस."

"ओ मॅडम, तुमचा काय संबंध?" नवरा उठला.

"सुवर्णा, खाली जा!" मंगलाताई मागून ओरडल्या. "मोडणारा संसार जोडतोय आपण. तुझं दुःख मला समजतं, पण प्रत्येक नवरा काही तसा नसतो."

"प्लास्टर दिसत नाही का तुम्हाला?" काकू कडाडली. "अंबूबाई, तुम्ही तरी बोला!"

अंबूबाईनं पदर तोंडावर घेतला. "काय बोलू बाई? मोठ्या लोकायनी ठरिवलंय. पोरगी नांदली पायजे ना."

मंगलाताईंनी जोडप्याला खिडकीपाशी उभं केलं. पेढ्यांचा बॉक्स उघडला. नवऱ्यानं पेढा उचलला.

निकितानं तोंड उघडलं...

आणि खोलीतली ट्यूब गेली.

खाली इतके फोकस पेटलेले. रस्ता नारिंगी झालेला. पण त्या खिडकीतून उजेडाचा कणही आत येत नव्हता.

मग आवाज आला.

खर्र... खर्र...

खिडकीच्या बाहेरून. भिंतीच्या तळाकडून.

कुणीतरी वर चढत होतं.

खर्र... खर्र... मग सर्रर्र... खाली घसरल्याचा.

पुन्हा खर्र... खर्र...

या वेळी आणखी वरून.

खोलीत साचलेल्या पाण्याचा वास पसरला. शेवाळलेला, द्राक्षांच्या औषधाचा. दिंडोरीच्या त्या मळ्यात काकूला हाच वास आला होता.

"मांजर असंल," नवरा म्हणाला. त्याचा आवाज चिरकला होता.

आता कुणीतरी धापा टाकत होतं... काचेच्या अगदी खाली.

आणि काकूला कळलं. तिनं खिडकीकडे झेप घेतली. "तेजल! थांब, आले!"

तिचा हात कडीवर पडला, तोच मंगलाताईंनी तिचं मनगट धरलं.

"उघडू नकोस! तुला शपथ आहे, उघडू नकोस!"

"सोडा मला! ती वर येतेय! एकदा तरी हात देऊ द्या!"

"उघडू नकोस गं!"

बाहेर काचेवर बोटं फिरली. हळू. चाचपत. बोटांना नखं नव्हती, असं काकू सांगते. अंधारात ते कसं दिसलं, ते मला विचारू नका. मीही तिला विचारलेलं नाही.

काकूनं सगळा जोर लावून हात सोडवला. कडी ओढली.

त्याच क्षणी...

सर्रर्रर्र... लांबलचक. खालपर्यंत.

आणि छपाक!

खाली कोरडं फरशीचं अंगण होतं.

ट्यूब लागली. काकू अर्धी खिडकीबाहेर वाकली होती. खाली फक्त दिनेश दिसला. तो वर बघत होता.

मग आत निकिता किंचाळली.

नवऱ्याच्या बोटांतला पेढा ठिबकत होता. हिरवं पाणी. त्याच्या मनगटावरून, इस्त्रीच्या बाहीवरून खाली. बॉक्समधले सगळे पेढे त्याच पाण्यात तरंगत होते. त्यानं हातातला पेढा फेकला आणि जिना उतरून जो पळाला, तो चपलासुद्धा न घालता.

सगळ्यात आधी हलली अंबूबाई. तिनं पोरीचा चांगला हात धरला.

"चल. नाय नांदायचं तुला. माझ्या घरी भाकर हाय."

मंगलाताई मधे आल्या. "अहो, वरची टाकी गळते आमची. घाबरून असा निर्णय..."

"सर बाजूला," अंबूबाई म्हणाली. "लय झालं तुझं गोड तोंड."

निकिता आज हरसूलकडे आईजवळ आहे. हात बरा झाला. काकू अधूनमधून तिला फोन करते.

आमच्या घरात सगळे म्हणतात, तेजलनं त्या पोरीला वाचवलं. असं म्हटलं की बरं वाटतं. पण काकूसमोर म्हटलं की ती उसळते.

"ती कुणाला वाचवायला आली नव्हती," ती म्हणते. "ती वर यायला बघत होती. अजूनही बघतेय. आणि त्या बाईनं माझा हात धरून ठेवला."

त्या संध्याकाळनंतर वर्षभर काकूनं एक दिवस चुकवला नाही. वाचनालय बंद करायचं, वर जायचं, ती खिडकी सताड उघडायची आणि अंधार पडेपर्यंत बाहेर हात काढून उभं राहायचं. केंद्रातल्या बायका तिला वेडी म्हणायच्या. कधीकधी खालून तो आवाज यायचा. थोडा वर यायचा... आणि घसरायचा. काकूला वाटायचं, आज ना उद्या पोहोचेल.

परवा पुन्हा पंचवीस नोव्हेंबर झाला. काकू तापानं घरी होती. मी तिच्याजवळ बसलो होतो. मोबाइलवर मंगलाताईंचं स्टेटस आलं. टॉवर नारिंगी, समोर पाहुणे, हातात पेढे.

या वेळी एकही खिडकी काळी नव्हती.

मी फोटो मोठा करून पाहिला. त्या खिडकीवर प्लायवूड ठोकलं होतं. चारही बाजूंनी, चांगले लांब खिळे मारून. वरून नारिंगी रंग दिला होता.

काकूनं मोबाइल माझ्या हातातून घेतला. फोटो पाहिला. मला वाटलं, आता ती शिव्या देईल, मोबाइल भिंतीवर फेकेल.

तिनं तसं काही केलं नाही. माझ्याकडे बघून एवढंच विचारलं...

"आता ती येईल कुठून रे?"