स्नेहल कुणाचं ऐकते

दिवा जरा इकडं घे गं, आणि वही ठेव बाजूला. नवी लागलीयस, वही कशी भरायची ते उद्याही शिकवीन तुला. सव्वीस वर्षं झाली मला आंदर मावळात अंगणवाडी चालवून, आणि मूल बघावं तर यशोधराबाईंनी, असं चार गावं म्हणतात. उगाच नाही म्हणत! पोर काय खेळतं, कुणाकडं बघतं, कुठं अडतं, हे गप बसून बघायचं. दिसलं ते लिहायचं, वाटलं ते लिहायचं नाही. आणि शिकत असलेल्या पोराला मध्येच उठवायचं नाही, घर पडलं तरी.

तीन वर्षांमागं स्नेहल माझ्याकडं होती. चार वर्षांची. आईबाप वराळ्याला कंपनीत, पोर इथं आजोबांकडं, भिकाजीआबांकडं. तोवर तिच्या तोंडून एक शब्द निघाला नव्हता. डॉक्टरांनी ठार बहिरी म्हणून हात टेकले होते. आबांनी पुण्याला मुक्या-बहिऱ्या मुलांच्या वसतिगृहात जागा बघून ठेवली होती.

"शनवारी जीप येनार, बाई. कापडं भरल्यात," म्हातारा म्हणाला. माझ्याकडं बघत नव्हता.

एवढंसं लेकरू, तिथं कुणाच्या कुशीत शिरणार?

"शनिवारपर्यंत मला द्या, आबा. मी तिला बघते. मग काय ते ठरवा."

आमची मदतनीस सरूबाई खिचडी ढवळत होती. ती हसली. "नुसतं बगत बसायला पोरं काय गुरं हायती व्हय?"

"तू तुझी खिचडी बघ. खाली लागतीय," मी म्हटलं.

श्रावण सरत आला होता. धुकं इतकं, की सकाळी अकराला दिवा लावावा लागायचा. ओल्या सतरंज्यांचा वास खोलीतून जातच नव्हता.

सोमवारी सरूबाईच्या हातून पातेलं पडलं, अगदी स्नेहलच्या पाठीमागं. सगळी पोरं दचकली. स्नेहल नाही. लिहिलं. मग ती उठून कपाटाजवळच्या कोपऱ्यात गेली, भातुकली मांडली आणि मान कलती करून कान दिला, ऐकल्यासारखा. 'ऐकल्यासारखा' मी खोडून टाकलं. ते वाटलेलं होतं.

पण मग तिनं मान डोलावली. वर बघत, पार आढ्याकडं. ते मात्र दिसलेलं होतं.

बुधवारी तिची नजर खिडकीच्या मधल्या गजाएवढ्या उंचीवर. तोंडाचा चंबू करायची, थांबायची, मान हलवून पुन्हा करायची. कुणी चूक दाखवून दिल्यावर आपण करतो ना, तसं. मध्येच ती स्वतःच्या गळ्यावर बोटं ठेवायची, आणि मग हात लांब करून समोर, हवेत, कुणाच्या तरी गळ्यावर.

शुक्रवारी नजर सरळ समोर आली. म्हणजे तिथं जे कुणी होतं ते... खाली बसलं होतं.

भ्याले गं मी. खोटं कशाला सांगू? बाकीची पोरं त्या कोपऱ्याकडं फिरकत नव्हती. पण पोरगी शिकत होती! पाच दिवसांत पाच नवीन गोष्टी, तारीखवार माझ्या वहीत. अशा पोराला उठवायचं?

शनिवारी दुपारी लाईट गेली. बाहेर जीपचा आवाज आला. आबा पिशवी घेऊन दारात उभे राहिले, अंगावरनं पाणी गळत होतं. मी ओठावर बोट ठेवलं आणि कोपऱ्याकडं दाखवलं.

स्नेहल मांडी घालून बसली होती, डोळे मिटून. तिच्या गळ्याची कातडी आत दबत होती, दोन बोटं टेकावीत तशी. तिचे स्वतःचे हात मांडीवर होते.

सरूबाई माझ्या कानाशी आली. "बाई... उचला तिला. लय गार लागतंय हितं..."

मी सरूबाईचा दंड धरला. "थांब. शिकतीय ती."

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग पोरीनं डोळे उघडले, दाराकडं वळली.

"आबा," ती म्हणाली. "मला न्हाई जायाचं."

म्हातारा उंबऱ्यावर मटकन बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. जीप रिकामी परत गेली. त्या दिवशी माझी छाती अशी फुगली होती म्हणून सांगू! डॉक्टर हरले, सगळे हरले, आणि गप बसून बघणारी यशोधरा जिंकली.

जानेवारीत तालुक्याला आमचा मेळावा झाला. मी नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत. स्नेहलला माइकपुढं उभं केलं. साहेबांनी विचारलं, "बाळा, तुला बोलायला कुणी शिकवलं?"

"बाईंनी."

टाळ्या पडल्या. मी अर्धी उठलेसुद्धा. पण पोर माझ्याकडं बघत नव्हती. माझ्या डाव्या बाजूच्या खुर्चीकडं बघत होती, जिच्यावर कुणी बसलेलं नव्हतं. तिनं मान कलती केली, ऐकलं, डोलावली.

"बाई म्हनत्यात, यशोधराबाईस्नी बगाया चांगलं येतं. पन त्या बोलत्यात लय. त्यांना गप ऱ्हायाला शिकवायचंय अजून."

सगळा मंडप हसला. मीही हसले. माझा गळा गार पडला होता.

आता ती दुसरीत आहे. वर्गात कविता म्हणायची तर स्नेहलनंच. परवा गुरुजी म्हणाले, हिचा आवाज थेट तुमच्यासारखा आहे हो बाई, डोळे मिटले तर फरक कळत नाही. असू दे! मेळाव्यापासनं माझा बसत चाललाय, गेला तर गेला. अशी पोर बोलती झाली, आणखी काय पाहिजे मला?

आणि तू काय अशी माझ्या ओठांकडं बघतीयस मघापासनं? ऐकू येतंय ना गं तुला...? अगं, मान तरी हलव...