विनाशस्त्र

संगणकखोलीत सहा संगणक होते. त्यातले चार सुरू व्हायचे, माउस दोनच, इंटरनेट एकालाच. खिडकीवर एक पाल होती आणि शाळेतल्या एकुलत्या एक पंख्याखाली डबा खात बसलेला एक माणूस.

"मी सुरेंद्र. सातवीले नागरिकशास्त्र शिकवतो," तो गडबडीने उठला.

"बसा की," रोशनी म्हणाली. "फक्त माउसवरचा डबा उचला."

चंद्रपूरहून बी.एस्सी. होऊन ती संगणक शिकवायला गडचिरोली जिल्ह्यातल्या या गावात आली होती. साल दोन हजार आठ. ऑर्कुट ही गप्पांची वेबसाइट तेव्हा नवलाईची होती. सुरेंद्रनं विचारलं, "म्याडम, पोरायले स्वातंत्र्य फळ्यावर नाई समजत. यावर समजंन का?"

रोशनीनं स्वतःच्या खात्यावरून वर्गाचं पान उघडलं. मुलं आळीपाळीनं टाइप करत, खाली आपलं नाव लिहीत. सुरेंद्र कुणाची बोली दुरुस्त करायचा नाही. हनुवटीवर हात ठेवून ऐकायचा. त्याचं ते ऐकणं पाहताना रोशनीचं स्क्रीनकडे लक्ष राहायचं नाही...

एका सकाळी मुख्याध्यापक देवराव सर तरातरा आले. सातवीतल्या आचलनं पानावर लिहिलं होतं – 'आम्हाले विनाश शस्त्र घेऊन एकत्र जमायचा हक्क आहे.'

"आपल्या जिल्ह्यात हे? कोनी वाचलं तं? पान बंद करा, अन् संगणकाचा तासही."

तास बंद म्हणजे रोशनीनं चंद्रपूरची बस धरायची. तिनं सुरेंद्रकडे पाहिलं. तो आचलजवळ खाली बसला.

"आचल बाई, हे कुठी वाचलं?"

"पुस्तकात. 'शांततेने व विनाशस्त्र'." ती रडवेली झाली. "विनाश करनारं शस्त्रच ना?"

"विना शस्त्र. शस्त्राबिगर." तो हसला नाही. "पन तुले काऊन वाटलं शांततेत शस्त्र लागते?"

"मलेही तेच समजून नाई राह्यलं, सर."

देवराव सरांनाच हसू फुटलं. सुरेंद्र म्हणाला, "सर, खोडू नका. चूक वर राहू द्या, खाली तिनंच बरोबर लिहावं."

आचलनं लिहिलं. तास वाचला; पण उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंतच.

"मग जाल तुमी?" पंख्याखाली सुरेंद्रनं विचारलं.

"तास नसेल तर थांबू कशाला?"

"पंखा आहे ना."

"पंखा तर चंद्रपुरातही आहे, सर." ती थांबली, पण तो डब्याचं झाकण लावू लागला –

संध्याकाळी त्यानं तालुक्याच्या सायबर कॅफेतून तिला ऑर्कुटवर स्क्रॅप, म्हणजे निरोप, टाकला. स्क्रॅप पत्रासारखा बंद असतो, असा त्याचा समज होता.

'कलम एकोणीस. भारताच्या कोणत्याही भागात राहायचा व स्थायिक व्हायचा हक्क. तुमी इथीच, माझ्या घरी, स्थायिक व्हाल का? – सुरेंद्र'

दुसऱ्या दिवशी रोशनी खोलीत आली तेव्हा सातवीचा वर्ग संगणकाभोवती गोळा झाला होता. तिच्याच उघड्या राहिलेल्या खात्यावरून सुरेंद्रच्या स्क्रॅपला उत्तरं गेली होती, प्रत्येकाखाली एकेका मुलाचं नाव. दारात सुरेंद्र उभा, कानापर्यंत लाल.

"तुमी... वाचलं?"

"सगळ्यांनंतर," ती म्हणाली. खुर्ची ओढून तिनं एकच अक्षर टाइप केलं आणि खाली स्वतःचं नाव लिहिलं.

मुलांचे सव्वीस 'हो'. एक 'म्याडमले इचारा'. रोशनीचा एक 'हो'. एकूण उत्तरं अठ्ठावीस; 'हो' सत्तावीस.