महाराज आत गेले

प्रयोगशाळेत गारठा असा, की गयाआक्कांनी पदर कानांवरून ओढून घेतला. समोर एक काळं कपाट, आणि कपाटात त्यांचा धाकटा भाऊ. म्हणजे दामोदर महाराजांचं प्रतिमन. महाराज गेले, पण त्यांच्या साऱ्या प्रवचनांवर पोसलेलं हे यंत्र त्यांच्याच आवाजात बोलायचं. त्याचा कौल घेतल्याशिवाय मंत्रिमंडळ शिंकतसुद्धा नव्हतं.

आक्कांची नात रेवा नुकतीच मानमोडीच्या तापानं गेली. लस होती, पण सरकारनं ती बंद केली होती, महाराजांच्या शब्दावर. दामूचा शब्द म्हणून आक्काही गप्प बसल्या. पोर गेली तरी रडू आलं नाही. आत सगळं बधिर.

"आक्का, नवा प्रश्न आला की प्रतिमन अडतं," प्रतिमन घडवणाऱ्या डॉ. आसावरी घुले म्हणाल्या. "ऐका." त्यांनी कळ दाबली. "महाराज, लसबंदी कायम करावी का?"

"बसा," दामूचा आवाज आला. "आत जाऊन येतो."

मग काहीच नाही.

"आत म्हणजे ध्यानाला," सरकारचे सचिव मोहरीलांनी हात जोडले.

"कसलं डोंबलाचं ध्यान! माजघरात यायचा, माझ्याकडं. मी पोळ्या लाटता लाटता सांगायची, हा बाहेर जाऊन तेच बोलायचा. आमटीत मीठ किती, तेसुद्धा मला विचारून!"

घुलेबाई पांढऱ्या पडल्या. "माजघरात ध्वनिमुद्रण कुठलं? प्रतिमनाला फक्त बाहेरचं ठाऊक. ते आत जातं... आणि आत कुणी नसतं."

आक्का मोहरीलांकडं वळल्या. "मग लस बंद करा, असं तो म्हणाला कधी?"

"म्हणाले नाहीत. तेव्हाही आतच गेले. महाराजांचं मौन म्हणजे संमती, आणि कौल एकदाच घ्यायचा. आश्रमाची ही रीत तुम्हीच घातलीत ना, आक्का?"

घातली होती. दामूला उत्तर सुचलं नाही तरी त्याची लाज राहावी म्हणून.

घुलेबाईंनी ध्वनिग्राहक पुढं सरकवला. "तुम्ही सांगा. तुमचं उत्तर घेऊन प्रतिमन महाराज म्हणून बोलेल. सरकारला ते पाळावं लागेल."

एक शब्द हवा होता. राज्यभरची पोरं त्या शब्दावर अडली होती. पण ज्या जिभेला सारा गाव भ्यायचा, ती टाळ्याला चिकटून बसली. दामू विचारायला आत आला होता. माजघर रिकामं. आणि आक्का मनानं पलीकडं रेवाच्या उशाशी, त्याचा न बोललेला शब्द पाळत बसलेल्या.

मोहरील थोडा वेळ थांबले. मग हातातल्या पाटीवर बोट टेकवून त्यांनी लसबंदी कायम केल्याचा आदेश पाठवला, आक्कांना वाकून नमस्कार केला.

"मौन. आभारी आहोत."

त्यांच्यामागं दार लागलं.

"टोचा म्हणावं, दामू," आक्का म्हणाल्या.

कपाटात दिवा लुकलुकला. महाराज बाहेर आले. "लेकरांना लस टोचा," ते सभेतल्यासारखं खणखणीत बोलले.

मोहरीलांची खुर्ची रिकामी होती.