लाल सायकलीचे सत्तावीस नंबर

"हा माणूस आपल्याला मोजतच नाही," पोत्यांच्या थप्पीआडून उन्मेष कुजबुजला.

नूपुरला ते पटेना. मोजायला नेमलेला माणूस मोजणार नाही तर करणार काय? पण सकाळी फाटकावर चिकटवलेला कागद तिने स्वतः वाचला होता. काल आढळलेल्या सायकली, चार!

कॉटन ग्रीनच्या गोदामांमागचे जुने रूळ उखडल्यावर किलोमीटरभर मोकळी वाट उरली होती. घोडपदेवच्या त्यांच्या चाळीतली सगळी पोरं तिथेच सायकल शिकली, कारण मोठ्या रस्त्यावर ट्रेलर धावत आणि नूपुरच्या आईची, कालिंदीची, तिकडे फिरकायलाही सक्त मनाई. आता ही वाट सायकलींसाठी राखायची की ट्रक उभे करायला द्यायची, यावर राज्याची सायकल आणि पायवाट सल्लागार परिषद सरकारला सल्ला देणार होती. त्यासाठीच ही गणना. चार सायकलींसाठी वाट कोण राखणार? ती गेली की सायकल माळ्यावर, आणि उरलेली सुट्टी पंख्याखाली.

मोजणारे हितेंद्रकाका स्टुलावर डुलक्या काढतात, असा उन्मेषचा ठाम आरोप होता. म्हणून ही पाळत. दिवसाची पहिली फेरी नूपुरने लाल सायकलवरून मारली. काकांनी कागदावर रेघ ओढली. मग त्याच सायकलवरून चाळीतलीच अपूर्वा गेली. काका टक्क जागे होते, तिच्याकडे बघून हसलेसुद्धा, पण पेन्सिल हलली नाही. मागून पाववाला आपल्या काळ्या सायकलवरून गेला, तर लगेच रेघ!

नूपुर सरळ काकांपुढे जाऊन उभी राहिली आणि तिने कारण विचारलं.

"एक सायकल दिवसातून एकदाच धरायची, असं वरून सांगितलंय," काका म्हणाले.

"पण चालवणारी वेगळी होती ना, काका!"

"फॉर्मात सायकली मोजायच्यात गो बाय, माणसं नाहीत."

आता घ्या! चाळीत सायकल एकच, मंडळाला सोडतीत लागलेली, आणि तिच्यावर हक्क सांगणारी पोरं सत्तावीस. पहिल्या महिन्यात इतक्या मारामाऱ्या झाल्या, की शेवटी कालिंदीने भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनांत रोजचे नंबर नावानिशी लिहायला घेतले. दोन वर्षं झाली, एक दिवस चुकला नव्हता. नूपुर धावत घरी गेली आणि सगळी कॅलेंडरं तिने भिंतीवरून उतरवली.

शनिवारी पालिकेच्या शाळेत परिषदेची सभा भरली. अध्यक्ष सुचित्राताईंनी "रोज सरासरी चार सायकली" असं वाचताच नूपुर उठली. तिने टेबलावर कॅलेंडरं पसरली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. ताईंनी एकेक पान उलटून पाहिलं. मग हितेंद्रकाकांना विचारलं. पोरगी खरं बोलतेय, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं.

"चूक यांची नाही, आमच्या फॉर्मची आहे," सुचित्राताई म्हणाल्या. "परिषद रस्ते बांधत नाही, फक्त सल्ला देते. तोच चुकीच्या आकड्यावर दिला, तर आमचा उपयोग काय?"

चूक दाखवली की पुष्कळशी मोठी माणसं दाखवणाऱ्यावरच डाफरतात. या बाईंनी निर्णय पुढे ढकलला, नव्याने गणना लावली आणि या खेपेस चालवणारे मोजा, असं बजावलं. नूपुरला त्या तिथल्या तिथे आवडून गेल्या.

शाळा सुरू व्हायच्या आधी पत्र आलं. नव्या गणनेवरून परिषदेने केलेली शिफारस सरकारने मानली होती, वाट सायकलींसाठी राखली होती. शिवाय राज्यभरच्या फॉर्मात नवा रकाना आला होता, एक सायकल किती जण चालवतात? गॅलरीत सगळी चाळ जमली. म्हाताऱ्यांनी पोरांच्या पाठी थोपटल्या, आणि आपल्यालाच पहिला संशय आला होता हे उन्मेषने प्रत्येकाला निदान दोनदा ऐकवलं.

गर्दी पांगली. कालिंदी दारात पेन घेऊन उभी होती. तिने ते नूपुरच्या हातात दिलं.

"दोन वर्षं दुसऱ्यांची नावं लिहिली गो," ती हळूच म्हणाली. "आता माझं लिही. मला सायकल कुणी शिकवलीच नाही."