छपरावरची टकटक

नवीन माणूस कॅरव्हान मागे घेतोय असं दिसलं, की फ्रीसलंडमधल्या तळ्याकाठच्या त्या कॅम्पिंगवर सगळ्यांना एकदम कॉफीची तल्लफ येते. खुर्च्या बाहेर निघतात, तोंडं रस्त्याकडे वळतात. बघत मात्र कुणीच नसतं! फेन्ना आली त्या दुपारीही कुणीच बघत नव्हतं. फक्त पलीकडच्या कॅरव्हानमधल्या ट्रूसमावशींनी चष्मा पुसून घेतला होता.

फेन्नाची कॅरव्हान तिच्याहून वयानं मोठी आणि तितकीच हट्टी. हिनं चाक डावीकडे वळवावं, तिनं मागून उजवीकडे जावं. शेवटी ती थेट ट्रूसमावशींच्या कुंड्यांवर चालून गेली, तेव्हा गाडीच्या काचेवर टकटक झाली.

बाहेर एक लांबडा तरुण उभा होता. काखेत नुकत्याच घासलेल्या भांड्यांचा टब, खांद्यावर ओलं फडकं.

"जिकडे जायचंय, त्याच्या उलट वळव," तो म्हणाला.

"म्हणजे मनात एक आणि हातात भलतंच?"

"हो. जमेल तुला. चेहऱ्यावरून वाटतं तसं."

फेन्नाला हसू आलं... आणि हसता हसता कॅरव्हान सुतासारखी सरळ जागेवर जाऊन बसली. खुर्च्यांवरची मंडळी जरा हिरमुसली.

त्याचं नाव येल्मर. शेजारची हिरवी कॅरव्हान त्याची. शाळेत भूगोल शिकवायचा आणि उन्हाळ्याची सगळी सुट्टी इथंच काढायचा. फेन्नाचा मुक्काम आठवड्याचाच होता. पुढे दूर उत्तरेला, समुद्रापलीकडे, बर्गन. तिथल्या एका बेकरीत तिला काम मिळालं होतं, पण खोली काही परवडण्यासारखी नव्हती. म्हणून घरच मागे बांधून निघाली होती. घर पोचलं तर नोकरी, नाहीतर परत आईकडे, आणि आईचं 'मी सांगत होते' ऐकणं.

दुसऱ्या दिवशी पाऊस लागला. तळ्यावरून तिरपा, बारीक, गप्पिष्ट पाऊस. सकाळी फेन्नाला कुबट वासानं जाग आली. उशाशी भिंतीचा कागद फुगला होता. तिनं बोट टेकवलं, आणि बोट आत गेलं.

"ओल!" ट्रूसमावशी डोकं आत घालून म्हणाल्या. "कॅरव्हानचा क्षयरोग गं हा, बाळ. येल्मरची पहिली अशीच गेली. चहातल्या बिस्किटासारखी."

फेन्ना शिडी लावून वर चढली आणि फटी बुजवायच्या सिलिकॉनची अख्खी नळी छपराच्या कडांवर पिळून आली. दोन दिवस कडक ऊन पडलं. डाग वाळायचा सोडून पसरलाच.

येल्मर वर जाऊन बघून आला. "हे कुणी फासलं?"

"मी."

"केकवर क्रीम झकास लावत असशील."

"बेकरीवाली आहे मी. टोमणा नाही लागला."

"टोमणा नाही गं... मीही हेच केलं होतं. वरून फासलं की आत यायचं पाणी थांबत नाही, आत आलेलं बाहेर जायचं थांबतं. दोन हिवाळ्यांत माझी भिंत हातात आली." त्यानं मान खाजवली. "भोक कुठंय ते आधी शोधायला हवं. डाग इथं आहे म्हणून भोकही इथंच असेल, असं नसतं. पाणी लबाड असतं. शिरतं एकीकडे, रडतं दुसरीकडे."

"मग शोधायचं कसं?"

"तुझ्या घराला श्वास भरायला लावू," तो म्हणाला. फेन्नाला वाटलं, चेष्टा करतोय.

पण तो कॅम्पिंगवरचं वाळकी पानं उडवायचं यंत्र मागून घेऊन आला. दोघांनी मिळून जमिनीतल्या, छपरातल्या साऱ्या हवेच्या जाळ्या चिकटपट्टीनं बंद केल्या. एका खिडकीत पुठ्ठा बसवला, पुठ्ठ्याच्या भोकात यंत्राचं तोंड. फेन्नानं आत बसून यंत्र चालवायचं, त्यानं छपरावर साबणाचं पाणी ब्रशनं लावत जायचं.

"आवाजात काही ऐकू यायचं नाही तुला. मी छपरावर ठोकीन. एकदा ठोकलं, तर काही नाही. दोनदा ठोकलं, तर सापडलं."

यंत्र घरघरलं. पडदे फुगले, कपाटाची दारं थरथरली, सगळं घर छाती भरून उभं राहिल्यासारखं झालं. वर त्याचे गुडघे सरकत होते. टक... काही नाही. थोडं पुढे, टक... काही नाही. एवढा मोठा माणूस इतका हळू चालू शकतो, याचंच फेन्नाला नवल वाटत होतं.

मग मागच्या कोपऱ्याशी गुडघे थांबले.

टकटक नाही. एकदाही नाही, दोनदाही नाही. फेन्ना छताकडे बघत राहिली. फार वेळ गेला. म्हणजे निदान तिला तरी तसं वाटलं. काय बघत असेल हा वर?

टक.

टक.

पुठ्ठ्यातलं यंत्र तसंच चालू ठेवून ती शिडीनं वर गेली, आणि पायरीवरच थबकली.

कॅरव्हानला बाहेरून कापडी मांडव अडकवायच्या पट्टीवर, एका गंजक्या स्क्रूच्या डोक्याभोवती फेस फुलत होता. बारीक, पांढरा, जाईच्या कळ्यांसारखा. त्यातून एक फुगा मोठा होत गेला. त्यात तळं मावलं, शिडं मावली, ढगांसकट आकाश मावलं, आणि त्या सगळ्यावर निळागुलाबी रंग फिरत राहिला. फुगा सुटला, त्यांच्या दोघांच्या मधून वर गेला. लगेच दुसरा आला. एवढ्याशा, सुई जेमतेम शिरेल अशा फटीतून!

"ही... माझ्या घरातली हवा आहे?"

"तुझीच. तुझा श्वासही असेल त्यात थोडा."

सबंध घर कुजवणारी जागा इतकी सुंदर दिसू शकते, हे फेन्नाला कुणी सांगितलंच नव्हतं. तिनं बाजूला पाहिलं, तर येल्मर फुग्याकडे नाही, तिच्याकडे बघत होता. पकडला गेल्यावर त्यानं घाईनं ब्रश बुडवला. बादलीच्या बाहेर.

बाकीचं काम सोपं होतं. पट्टी उतरवली, सिलिकॉन खरवडलं, खाली मऊ चिकट पट्टा दाबून बसवला, न गंजणारे स्क्रू घातले. मग त्यानं तिला जाळ्यांवरच्या चिकटपट्ट्या एकूण एक काढायला लावल्या. "ह्या कधी बुजवायच्या नाहीत. घरानं श्वास घ्यायला हवा."

पुढचा पाऊस आला, गेला. उशाजवळची भिंत कोरडी राहिली. निघायच्या आदल्या संध्याकाळी भांडी घासायच्या मोरीवर दोघं शेजारी उभी होती.

"त्या कोपऱ्यात तू थांबला होतास," फेन्ना म्हणाली. "का रे?"

"साबण वाळला होता..."

"खोटं."

त्यानं एक स्वच्छ ताटली पुन्हा घासली. "वाटलं, एकदाच ठोकावं. तुला काय कळणार होतं? मग बर्गन राहिलं असतं... तू राहिली असतीस."

"मग दोनदा का ठोकलंस?"

"तुझ्या उशाशी कुजलं असतं गं ते," येल्मर म्हणाला. फेन्नानं त्याच्या हातातली ताटली काढून घेतली आणि उगाच फार वेळ पुसत बसली.

सकाळी कॅम्पिंगवर पुन्हा कॉफीची तल्लफ आली. येल्मरनं गाडीला कॅरव्हान जोडून दिली, कडी दोनदा ओढून बघितली आणि खिडकीशी आला.

"पहिल्या मोठ्या पावसानंतर पुन्हा तपासून घ्यायचं असतं."

"एकटीला जमेल?"

"नाही. एक माणूस आत लागतो, एक छपरावर."

"बर्गनला पाऊस कधी असतो?"

"रोज," भूगोलाचा मास्तर म्हणाला.

"आणि तुझ्या शाळेला सुट्टी?"

"...ऑक्टोबरात. आठवडाभर." त्याचे कान लाल झाले. "पण तुला नको असेल तर..."

फेन्ना दार उघडून खाली उतरली. तळ्याच्या पलीकडेही ऐकू जाईल अशा आवाजात ट्रूसमावशी म्हणाल्या, "अगं, जातेयस की नाही? कॉफी गार झाली!"

फेन्नानं तिकडे पाहिलंच नाही. तिनं हात उचलला आणि बोटाच्या पेरानं त्याच्या छातीवर ठोकलं.

टक.

त्याचा चेहरा पडू लागला. फेन्ना थांबली. त्या दिवशी छपरावर तो थांबला होता, अगदी तेवढीच थांबली.

टक.