हातावरचं दही

कुवेतमधल्या जमियाच्या, म्हणजे सहकारी सुपरमार्केटच्या दारात एक माणूस सामानाने लादलेली सायकल घेऊन उभा होता आणि वॉचमन मजीदशी हिंदीत हुज्जत घालत होता.

"भाईसाब, दो मिनिट. बाहर रखूंगा तो कोई ले जाएगा."

"यहाँ कौन ले जाएगा? यहाँ लोग गाड़ी चालू छोड़ के अंदर जाते हैं!" मजीदने दुकानाकडे हात उडवला.

चारुताला खरं तर घाई होती. शुक्रवार, सुट्टीचा दिवस, आणि वासंतीआत्याने कोथिंबिरीसाठी पिटाळलेलं. पण तो माणूस सायकलकडे बघून हताशपणे म्हणाला, "अगं बाई, तुला आता ठेवू तरी कुठं?" आणि तिला खुदकन हसू आलं.

त्याने मान वळवली. उन्हाने रापलेला चेहरा, वाढलेली दाढी... आणि डोळे मात्र असे, की आता या बाईला कामाला लावायचंच!

"मराठी आहात? मग हसू नका. धरा जरा. दही घेऊन आलोच."

आणि हँडल तिच्या हातात देऊन तो आत गेलासुद्धा! आता काय म्हणावं या माणसाला? चारुता बिचारी ती सायकल धरून उभी राहिली. मागच्या पिशवीवर एक मोजा वाळत घातला होता. येणारे-जाणारे त्या मोज्याकडे बघत आणि मग तिच्याकडे बघत.

तो दोन पांढरे डबे घेऊन बाहेर आला. पैसेही देऊन झाले होते.

"हे दही नाही," चारुता म्हणाली. "लबन आहे. म्हणजे ताक. दही हवं तर रूब घ्यायचं. इथे आलेला प्रत्येक मराठी माणूस पहिल्या आठवड्यात हीच चूक करतो."

"तुम्हीही केली होती?"

"छे! मी नाही." केली होती. तीही दोनदा.

मग रूब तिनेच आणून दिलं. तोपर्यंत तिच्या नजरेने आणखी एक गोष्ट टिपली होती.

"डावा गुडघा कधीपासून दुखतोय?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"इथे जाब्रियातल्या दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे मी. दिवसभर लोकांची चाल बघते."

"बापरे," तो म्हणाला. "म्हणजे मी मघाशी ऐटीत आत चालत गेलो, ते सगळं वायाच गेलं म्हणा की!"

त्याचं नाव सुशांत. तासगावच्या शाळेत भूगोल शिकवायचा आणि सध्या वर्षभराच्या बिनपगारी रजेवर होता. मस्कतपासून सायकल मारत निघाला होता, ते थेट स्पेनला जायचं म्हणून. दर सहा दिवसांनी एक दिवस आराम, असा त्याचा नेम. आजचा आराम कुवेतच्या वाट्याला आला होता.

परदेशात मराठी माणूस दारात सापडला आणि तो जेवल्याशिवाय गेला, असं आत्याच्या राज्यात घडलेलं नाही. तासाभरात सुशांत त्यांच्या डायनिंग टेबलाशी बसून बटाट्याची भाजी तिसऱ्यांदा वाढून घेत होता. आत्याचे यजमान हरीशकाका बँकेतले, हिशेबी माणूस. त्यांनी विचारलं, "पण स्पेनच का हो?"

"आमच्या गावच्या न्हाव्याच्या दुकानात एक कॅलेंडर होतं. वर्ष संपलं तरी तो ते काढत नसे. त्यात स्पेनमधलं खेडं होतं. पांढरी घरं, लाल कौलं आणि झाडाखाली एक रिकामा बाक. दर महिन्याला केस कापताना मी त्या बाकाकडे बघायचो. त्या बाकावर जाऊन बसायचंय, बस्स."

"एवढ्यासाठी सायकलने?" काका म्हणाले.

चारुताला मात्र ते कारण फार आवडलं. इतकं आवडलं, की तिचा घास हातातच राहिला.

"आणि ते दही कशाला हो?" तिने विचारलं.

सुशांत जरा ओशाळला. "निघताना आईने हातावर दही घातलं होतं. आता दर मुक्कामावरून निघताना मीच माझ्या हातावर घालून घेतो."

"इश्श! स्वतःच घेतलेलं कसं चालेल?" आत्या म्हणाली. "जो वाट बघणार असतो, त्याने घालायचं असतं ते."

"मग?" सुशांत म्हणाला. "रस्त्यात वाट बघणारं माणूस कुठून आणू?"

हे आत्याला विचारून तो बघत होता चारुताकडे. चारुताने घाईघाईने पोळ्यांचा डबा उघडला. पोळी तर तिच्या ताटात होतीच.

जेवणानंतर तिने त्याचा गुडघा तपासला. दाबून पाहिला, वाकवून पाहिला. दुखणं फार नव्हतं. सीटच खाली होती. ती दोन बोटं वर घेतली की काम भागणार होतं. पण ती काही बोलायच्या आत आत्याने तिला स्वयंपाकघरात ओढलं.

"चार दिवस विश्रांती हवी म्हणून सांग की गं. कोण तपासायला येतंय?"

"आत्या!"

"आत्या काय आत्या! चार वर्षांत पहिल्यांदा तुला कुणाशी बोलताना कपाळावर आठी नव्हती. डोळे आहेत मला."

दुपारच्या नमाजानंतर शुवैख भागातली गॅरेजेस उघडली. चाकाच्या दोन तारा तुटल्या होत्या, त्या बदलून घ्यायच्या होत्या. मोठमोठ्या गाड्यांच्या रांगेत ती एकुलती सायकल! मेकॅनिक हसला, पण चाक त्याने मन लावून सरळ केलं. ते होईतो दोघं शेजारी उभं राहून कागदी पेल्यातला चहा प्याले. ती तासगावच्या द्राक्षांबद्दल विचारत होती, तो चिपळूणच्या तिच्या घराबद्दल. चहा केव्हाच संपला होता, पण रिकामा पेला टाकून द्यायचं दोघांनाही सुचेना.

परतताना तिने गाडी समुद्रावर थांबवली. फेब्रुवारीचा गोड गार वारा होता. तिच्या ओढणीचं टोक उडून त्याच्या मनगटाला लागत होतं आणि तो हात हलवत नव्हता.

"मग डॉक्टर... निकाल काय?"

"समजा, मी थांबा म्हटलं तर?"

"तर थांबेन." एवढं म्हणून तो जरा घुटमळला. "माझे दोन सोबती इराकच्या सीमेजवळ पोचलेत. सीमा ओलांडायचा परवाना तिघांचा मिळून आहे, उद्या दुपारचा. ते दोघं जातील पुढे. मी मग... इथूनच घरी."

"आणि बाक?"

त्याने नुसते खांदे उडवले आणि तो समुद्राकडे बघत राहिला.

एक शब्द. एवढाच काय तो मध्ये होता! सूज आहे म्हणाली असती, तर त्याने विश्वास ठेवला असता. शंकाही घेतली नसती. चारुताला तो हवा होता, अगदी हवा होता... पण दर महिन्याला केस कापताना बाकाकडे बघणारं ते पोरही तिला दिसत होतं.

"गुडघा ठणठणीत आहे," ती म्हणाली. "सीट दोन बोटं वर घ्या. उद्या निघा."

"नक्की?"

"नक्की."

"अहो, इतकं खरं बोलायची काही गरज होती का?" तो हळूच म्हणाला. तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले म्हणून तिने गाडीची चावी शोधायला सुरुवात केली. चावी हातातच होती.

रात्री सुशांत हॉलमध्ये गाढ झोपला. चारुताला मात्र झोप लागली नाही.

सकाळी सहाला सायकल खाली उभी होती. सामान बांधून झालं. काका "मोबाईल चालू ठेवा" म्हणून तिसऱ्यांदा सांगत होते. सुशांतने चारुताकडे पाहिलं. "निघतो."

"थांबा!"

ती जिने चढून धावत वर गेली. फ्रिज उघडला, पांढरा डबा उचलला आणि तशीच धावत खाली आली. धापा टाकत म्हणाली, "हात पुढे करा."

त्याने उजवा हात पुढे केला. तिने डबा कलता केला... आणि पांढरी धार त्याच्या तळव्यावरून, मनगटावरून, थेट कोपरापर्यंत वाहत गेली!

काका खो खो हसत सुटले.

"अगं, ते कालचं लबन!" आत्या ओरडली. चारुताला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. तिने डबा झटकन पाठीमागे लपवला.

"आता ताकाला जाऊन भांडं काय लपवतेस?" आत्या म्हणाली. "बोलून टाक एकदाचं!"

चारुताने सुशांतकडे पाहिलं. त्याच्या कोपरातून ताक ठिबकत होतं आणि तो हात तसाच पुढे धरून उभा होता, अगदी शहाण्या मुलासारखा. तिने डबा पुढे आणला.

"नाही लपवत," ती म्हणाली. "मी वाट बघणार आहे. मला तू परत यायला हवा आहेस."

'तू' तिच्या तोंडून कसा निघाला, तिला कळलंच नाही. त्याला कळला. त्याने तळव्यावर उरलेलं ताक मान वाकवून पिऊन टाकलं आणि कान लाल होईपर्यंत हसला.

"खरं दही आणते," ती वळली.

"नको. ते राहू दे. विरजण लावून ठेव. मी खायला येतो."

त्या संध्याकाळी चारुताने चमचाभर रूब घालून दुधाला विरजण लावलं. दुसऱ्या दिवशी त्या दह्यातून पुन्हा. मार्च गेला, एप्रिल गेला, कधी इराकमधून फोन आला, कधी तुर्कस्तानातून. विरजण मोडू दिलं नाही तिने. कढी, ताक आणि श्रीखंडाला काका पार कंटाळले.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात एक फोटो आला. पांढरी घरं, लाल कौलं. झाडाखालच्या बाकाच्या एका टोकाला सुशांत बसलेला, दुसरं टोक रिकामं. खाली लिहिलं होतं, "बसलो. एकट्याने फार वेळ बसवत नाही इथे. विमानाने येतोय, शुक्रवारी सकाळी जमियाच्या दारात असेन. सायकल धरायला ये."

शुक्रवारी सकाळी बाहेर नुसती भट्टी पेटली होती. चारुताने आपला आकाशी ड्रेस घातला, दह्याचा डबा पिशवीत ठेवला, झाकण उघडून ते दहीच असल्याची दोनदा खात्री केली, आणि दारातून ओरडली, "आत्या, मी कोथिंबीर घेऊन येते गं!"

फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या दोन ताज्या जुड्या होत्या. आत्याने त्या भाजीच्या कप्प्यात मागे सारल्या आणि म्हणाली, "ये घेऊन. सावकाश ये."